आधी विचारा: कशाच्या तुलनेत?

आमच्या खान्देशात कॅन्सर उलटला की दोन गोष्टी लगेच होतात. मुंबईची तिकिटं काढली जातात आणि शेताचा भाव काढला जातो. तिसरी गोष्ट होत नाही. जो उपाय सांगितलाय, तो कुणी कधी नीट तपासलाय का, हे कुणी विचारत नाही. माझं भांडण त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

धुळ्याच्या माझ्या मावशीचा अंडाशयाचा कॅन्सर परत आला, तेव्हा एका मोठ्या शहरातल्या खासगी डॉक्टरांनी सांगितलं, "हाय डोस केमो देऊ, सोबत बोन मॅरो ट्रान्सप्लांट. शेवटचा उपाय." झालं! जळगावच्या मामांनी कपाशीचं रान विकायला काढलं, मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीची लिंक फिरवली. मी पुण्यात कोड लिहितो, म्हणून फाइल माझ्याकडे आली: "तू शिकलेला आहेस, बघ जरा."

बघितलं. पहिली गोष्ट म्हणजे 'ट्रान्सप्लांट' हा शब्दच फसवा आहे. आपल्याला वाटतं, किडनीसारखं काहीतरी नवं बसवणार. इथे पेशंटच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून गोठवतात, मग केमोचा इतका मोठा डोस देतात की हाडांतला मगज उद्ध्वस्त होतो, आणि मग त्या पेशी परत सोडतात. म्हणजे कॅन्सरवरचा उपाय फक्त तो मोठा डोस. ट्रान्सप्लांट ही त्या डोसने केलेल्या नासधुशीची भरपाई.

रक्ताच्या कॅन्सरात हे तंत्र खरंच जीव वाचवतं. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी केलं, ते रक्ताच्याच कॅन्सरसाठी. ते भावाच्या मगजातून केलेलं होतं. लिम्फोमा, मायलोमात स्वतःच्या पेशी वापरूनही फायदा होतो. अंडाशयाच्या जर्म सेल ट्यूमरसारख्या विरळ जातीचा हिशोबही वेगळा. पण अंडाशयाचा जो कॅन्सर बहुतेक बायकांना होतो, त्यात 'थोड्या डोसने थोडं मरतं, तर जास्त डोसने सगळं मरेल' हा नुसता अंदाज होता. अंदाज मोजावा लागतो.

आमच्या कामात बटणाचा रंग बदलायचा असला तरी अर्ध्या लोकांना जुना, अर्ध्यांना नवा दाखवून मोजतात. इथे ते मोजणंच वर्षानुवर्षं रखडलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी हाच उपाय हजारो बायकांना दिला गेला. पैसे नाकारणाऱ्या एका विमा कंपनीला १९९३ मध्ये ज्युरीने ८.९ कोटी डॉलरचा दणका दिला. उपाय बाहेर विकत मिळतोय म्हटल्यावर चिठ्ठी टाकून गट पाडणाऱ्या चाचणीत कोण जाणार? १९९९ मध्ये निकाल आले तेव्हा बहुतेक चाचण्यांत फायदा दिसला नाही. घसघशीत फायदा दाखवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. बेझवोडांनी खोटेपणा केल्याचं २००० मध्ये उघड झालं.

अंडाशयाच्या कॅन्सरचंही तेच. अमेरिकेतली एक चाचणी पुरेशा बायका न मिळाल्याने बंद पडली. २००७ मध्ये युरोपातल्या १४९ बायकांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात मोठ्या डोसने आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही, त्रास मात्र जास्त झाला. आणि या बायका पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्या होत्या. उलटलेल्या कॅन्सरमध्ये तर हा उपाय नेहमीच्या केमोपेक्षा सरस असल्याचं कुठल्याच तुलनेत दिसलेलं नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "काहीच उरलं नसेल तर करून बघायला काय जातं?" पुष्कळ जातं! आठवडेच्या आठवडे काचेमागच्या खोलीत जातात. तोंडात फोड, जंतुसंसर्ग, कधी कधी उपचारानेच मृत्यू. रान जातं. आणि 'काहीच उरलं नाही' हेही बहुतेकदा खरं नसतं. पहिल्या केमोनंतर सहा महिन्यांहून जास्त काळाने कॅन्सर परतला असेल, तर तीच प्लॅटिनमची केमो पुन्हा काम करू शकते. बीआरसीए जनुकात दोष असेल तर गोळ्या आहेत. नेहमीची केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते. आणि वेदना कमी करणारे उपचार म्हणजे हार नव्हे.

मला राग घरच्यांचा नाही. बहिणीसाठी रान काढणाऱ्या माणसावर कसला राग? राग त्यांचा, जे 'शेवटचा उपाय' म्हणताना 'सिद्ध न झालेला' हे दोन सेकंदांचं वाक्य गिळतात. आणि राग आपल्या अंगठ्याचाही, जो लिंक न वाचता पुढे ढकलतो आणि पुण्य मिळाल्यासारखा शांत होतो.

मावशीने सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं, "मला कोणी विचारलं का, मला कुठं राहायचंय?" तोवर तिला खरंच कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर अशी लिंक आली, तर पैसे जरूर द्या. पण त्याआधी घरच्यांना तीन प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला सांगा. हा उपाय कशाच्या तुलनेत चांगला आहे? त्याने किती महिने वाढतात, आणि त्यातले किती हॉस्पिटलात जातात? हे करायचं, असं पेशंटने स्वतः म्हटलंय का? उत्तर देताना डॉक्टर चिडले, तर रान विकू नका. दुसरा डॉक्टर गाठा.