गावाच्या चेहऱ्याचा मालक कोण?

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांविषयी जे काही वाद झाले ते जवळजवळ सगळे भाषेचे वाद होते. पाटी कोणत्या लिपीत असावी आणि मराठी अक्षरे इंग्रजीपेक्षा लहान असावीत की नसावीत यावर आंदोलने झाली, पाट्यांना काळे फासले गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुळात ती पाटी केवढी असावी, इमारतीच्या कोणत्या भागावर असावी, तिच्यासाठी समोरच्या झाडाची फांदी उतरवावी का, हे प्रश्न मात्र आपण 'नगररचना' नावाच्या खात्याच्या फायलीत टाकून मोकळे झालो. साहित्याच्या व्यासपीठावर असल्या विषयाचे काय काम, असेही कोणी विचारील. पण तालुक्याच्या गावात राहणारा सामान्य माणूस दिवसाकाठी जे छापील मराठी वाचतो त्यातले बहुतेक पुस्तकात नसते, भिंतीवर आणि खांबावर असते. त्या मजकुराची समीक्षा आपण करायची नाही, तर कोणी करायची?

उदाहरणादाखल कवठे महांकाळ घेऊ. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे हे तालुक्याचे गाव, अवर्षणाच्या पट्ट्यातले. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी चढवून या भागात आणले आणि द्राक्षे व बेदाण्याच्या जोरावर इथल्या बाजारात पैसा खेळू लागला. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे आजचा क्रमांक १६६, रुंद झाला. पाणी, पैसा आणि रस्ता या तिन्ही गोष्टी एका पिढीच्या आत आल्या की गावाचा चेहरा बदलतोच. प्रश्न एवढाच, की तो कोणी ठरवून बदलतो आहे का? माझे म्हणणे असे की तो कोणीच ठरवत नाही. कायदा फक्त मोजतो: अक्षरे, रोपे आणि शुल्क.

आधी अक्षरे घेऊ. २००८ साली मराठी पाट्यांचे आंदोलन पेटले तेव्हा नियम अस्तित्वात होताच, अंमल नव्हता. पुढे २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने या बंधनातून निसटली. २०२२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीतल्या मराठीत हवी, मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत, आणि मद्याच्या दुकानाला थोर व्यक्तींची वा गडकिल्ल्यांची नावे नकोत. व्यापाऱ्यांच्या संघटनेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिने दिले. हे सर्व योग्यच झाले. ज्या राज्यात धंदा करायचा तिथल्या भाषेत आपले नाव लिहिण्यात कमीपणा कसला?

पण या कायद्याचे व्याकरण तपासून पाहावे. त्याला दोन लिप्यांमधले प्रमाण कळते, पाटी आणि इमारत यांच्यातले प्रमाण कळत नाही. इंग्रजी अक्षर चार फुटांचे असेल तर मराठी अक्षरही चार फुटांचे हवे. दोन्ही एक फुटाची करा, असे हा कायदा कोणाला सांगत नाही. त्यामुळे भाषाभिमानाचे समाधान होते आणि पाटी मात्र वाढत जाते. मराठी अक्षर कसे दिसावे याचा तर विचारच नाही. संगणकावरचा कुठला तरी टंक आडवा ताणून, वेलांटीला शिरोरेघेपासून सुटे पाडून, जोडाक्षराचा पाय मोडून तयार झालेला फ्लेक्स कायद्याच्या दृष्टीने निर्दोष मराठी पाटी ठरतो. ज्या भाषेत र. कृ. जोशींनी देवनागरीच्या संगणकीय अक्षररचनेसाठी आयुष्य वेचले आणि कमल शेडग्यांनी नाटकाच्या जाहिरातीतल्या शीर्षकालाही स्वतंत्र चेहरा दिला, त्या भाषेतल्या पाटीला आपण अभिमानाचा विषय केले, डोळ्यांचा विषय केले नाही.

फ्लेक्स येण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याच्या गावात दोन-तीन पेंटर असत. पत्र्यावर किंवा भिंतीवर खडूने रेघा मारून ब्रशने अक्षरे काढणारा हा माणूस नियोजनाच्या कोणत्याही नियमाशिवाय गावाच्या पाट्यांना मर्यादेत ठेवत असे. याचे कारण त्याची अभिरुची हे जसे होते तसे त्याचे कष्ट हेही होते. प्रत्येक चौरस फुटाला हात लागे, वेळ लागे, रंग लागे; म्हणून पाटी दुकानाच्या दाराएवढी राही. छपाई यंत्राने मोठेपणा स्वस्त केला आणि ही नैसर्गिक मर्यादा संपली. जिथे श्रमाची मर्यादा संपते तिथे नियमाची सुरू व्हायला हवी होती. तिथे आपल्याकडे वाढदिवस सुरू झाले. चौकातल्या कमानीएवढ्या फलकावर कोणा युवा नेत्याचे छायाचित्र, खाली शुभेच्छुकांची पन्नास पासपोर्ट छायाचित्रे, आणि यातले काहीही विकायचे नसल्यामुळे ही जाहिरातही नव्हे, असा सर्वपक्षीय समज.

या समजाला न्यायालयाने उत्तर दिलेले आहे, आणि त्याचा मान आपल्याच शेजारच्या जिल्ह्याकडे जातो. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने २०११ साली बेकायदा फलकांविरुद्ध जनहित याचिका केली. तिच्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला आणि राज्यातील नागरी संस्थांना बेकायदा फलक हटवण्याचे व दोषींवर कारवाई करण्याचे आदेश दिले. मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा तर १९९५ पासूनच आहे. म्हणजे कायदा होता, निकाल आला, तरी निकालानंतरही त्याच न्यायालयाला त्याच विषयावर महापालिकांना पुन्हा पुन्हा खडसवावे लागले. कारण उघड आहे. फलक उतरवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, फलकावरचे छायाचित्र त्यांचेच किंवा त्यांच्या साहेबांचे. नगरपंचायतीचा कर्मचारी शिडी लावून कोणाला उतरवणार?

महानगरांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि त्याचे नाव मोठे काव्यमय आहे: 'आकाशचिन्ह व परवाना'. आकाशावर चिन्ह करण्याचा परवाना! तो कसा वापरला जातो हे १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला दिसले. जिथे चाळीस बाय चाळीस फुटांची कमाल मर्यादा, तिथे एकशे वीस बाय एकशे वीस फुटांचा फलक उभा होता. जमीन रेल्वे पोलिसांची म्हणून महापालिकेचे नियम लागू होतात की नाही याचा खल चालू होता, आणि वादळात तो पेट्रोल पंपावर कोसळून सतरा माणसे मेली. या दुर्घटनेची एक बाजू फारशी चर्चेत राहिली नाही. फलक नीट दिसावा म्हणून त्या परिसरातली झाडे विष घालून मारल्याची तक्रार मुंबई महापालिकेने दुर्घटनेच्या आधीच केली होती. माणसे मरण्यापूर्वी झाडे मेली होती, आणि ती धोक्याची सूचना कोणी वाचली नाही. पाटी आणि झाड हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत असे मानणाऱ्यांनी हे एवढे एकच उदाहरण लक्षात ठेवले तरी पुरे.

आता रोपे. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता साऱ्या राज्याला लागू झाली. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी, असे ती सांगते. तालुक्याच्या बाजारपेठेतले दुकानाचे भूखंड इतके मोठे नसतातच; त्यामुळे जिथे उन्हात माणसे खरोखर चालतात त्या रस्त्याला या नियमाचा हात पोचत नाही. शहरांतील झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुने झाड 'वारसा वृक्ष' ठरले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे सूत्र आले. महामार्गांसाठी २०१५ पासून हरित धोरण आहे. भारतीय रस्ते काँग्रेसने रस्त्यालगतच्या जाहिरातींविषयी १९७२ साली आणि वृक्षारोपणाविषयी २००९ साली मार्गदर्शक पुस्तिका काढल्या. कागद कमी नाहीत.

या कागदांचे मोल कळायला मिरजेहून कवठे महांकाळकडे येताना लागणाऱ्या भोसे गावाची गोष्ट पुरते. तिथे यल्लम्मा मंदिरासमोर सुमारे चारशे वर्षांचा वड होता. महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. जुलै २०२० मध्ये सांगलीच्या पर्यावरणप्रेमींनी आणि ग्रामस्थांनी आंदोलन केले, तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना विनंती केली आणि सेवारस्त्याची आखणी बदलली. वड वाचला. दोन वर्षांनी, २०२२ साली, तो उन्मळून पडला.

त्या वडाचे वाचणे ही आपल्या व्यवस्थेची सर्वोत्तम कामगिरी होती, याची मला जाणीव आहे. नकाशावरची रेघ एका झाडासाठी सरकली हे थोडे नव्हे. पण झाड म्हणजे खोड आणि फांद्या एवढेच, असे समजून आपण झाडे वाचवतो. मुळांना लागणारी माती, मातीत मुरणारे पाणी, सभोवारची मोकळी जागा यांचा कायद्यात हिशेब नसतो. वयाइतकी रोपे, हे सूत्र भोशाला लागू नव्हते. २०२० साली ते अस्तित्वातही नव्हते आणि ते शहरांपुरतेच आहे. पण समजा लागू असते, तर चारशे वर्षांच्या वडाची भरपाई चारशे रोपे. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल धरून तो आकडा एका आठवड्यात पूर्ण झाला असता, आणि वाटसरूच्या डोक्यावर एक हातभरही सावली पडली नसती.

आपल्याकडे 'सुशोभीकरण' या शब्दाने फार नुकसान केले आहे. सुशोभीकरण म्हणजे पेव्हर ब्लॉक, कारंजे, लॉन आणि लोखंडी कमान. ज्या तालुक्याने टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले, जिथे अग्रणी नदीचे कोरडे पात्र पुन्हा वाहते करण्यासाठी गावे राबली, तिथे गवताच्या गालिच्याला रोज पाणी घालणे ही अभिरुची नसून उधळपट्टी आहे. कोनोकार्पससारखे झटपट वाढणारे परदेशी झुडूप लावून फोटो काढता येतो. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. दंडोबाच्या डोंगरापासून माणदेशापर्यंतच्या या मुलखाला काय मानवते हे कोणा तज्ज्ञाला विचारायची गरज नाही. कडुनिंब, चिंच, करंज, वड, पिंपळ: बांधावरची झाडे पाहिली की यादी तयार होते. आणि जे झाड लावले त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचे, मग त्यालाच खिळे ठोकून कोचिंग क्लासची पाटी लावायची, हा तर आपला राष्ट्रीय छंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीपुरते सांगितले होते की झाडांवरच्या पाट्या, खिळे, तारा काढा आणि बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा. हे एवढे सोपे वाक्य आपल्या नगरपंचायतींना स्वतःहून का सुचू नये?

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला पोटाचा: पाटी लहान केली तर लहान दुकानदार मरेल. वस्तुस्थिती उलटी आहे. पाटीच्या आकाराची स्पर्धा ज्याच्याकडे पैसा आहे तोच जिंकतो. मोबाइल कंपनीचा किंवा सराफी पेढीचा दिव्यांचा फलक वर चढला की शेजारच्या शिंप्याचे दुकान दिसेनासे होते. सर्वांना एकच माप लावले तर खरा फायदा शिंप्याचा. ब्राझीलमधल्या साओ पाउलोसारख्या अवाढव्य शहराने २००७ पासून होर्डिंगे हद्दपार केली आणि दुकानांच्या पाट्यांना इमारतीच्या दर्शनी रुंदीनुसार माप लावले. शहराचा व्यापार बुडाला नाही. अमेरिकेतल्या व्हर्मांट या शेतीप्रधान राज्याने तर १९६८ सालीच रस्त्याकडेच्या होर्डिंगांना निरोप दिला. अभिरुची ही श्रीमंत महानगरांची चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे दुसरे उदाहरण पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आधी पाणी, गटार, रस्ता, सौंदर्य नंतर. मला हा क्रमच मान्य नाही. गटार आणि रस्ता बांधताना झाडासाठी जागा सोडली नाही तर ती नंतर कधीच सापडत नाही. महामार्गालगत एकदा लोखंडी सांगाडे उभे राहिले की त्यांच्या भाड्यावर जगणारे हितसंबंध तयार होतात, आणि मग ते उतरवायला न्यायालय लागते. महानगरांची चूक दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य झाले आहे. तालुक्याच्या गावाला ती चूक न करण्याची संधी अजून आहे, आणि ती दर वर्षी थोडी आकसते आहे.

कवठे महांकाळ नगरपंचायतीने काय करावे हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. १९६५ च्या अधिनियमाने नगरपंचायतींना उपविधी करण्याचा अधिकार दिलेला आहे. एका दुकानाला एक पाटी, आणि तिची उंची शटरवरच्या पट्टीएवढी. छतावर व रस्त्याच्या हद्दीत एकही होर्डिंग नाही, शुल्क भरले तरी नाही. शुभेच्छा फलकांसाठी गावात एकच ठरावीक भिंत, आणि तिच्यावर हवे तर पुन्हा पेंटरचा हात. प्रत्येक नव्या दुकानी इमारतीने समोर सावलीचे एक देशी झाड लावावे, त्याचे आळे उघडे ठेवावे, आणि नगरपंचायतीने रोपे मोजण्याऐवजी तिसऱ्या वर्षी ते झाड जगले आहे की नाही ते पाहावे. पाटी झाडाआड जात असेल तर पाटी हलेल, झाड हलणार नाही, हे त्या उपविधीतले शेवटचे कलम.

सतरा नगरसेवकांच्या सभेत हा ठराव मांडायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागू नये. तो मांडला जाणार नाही, कारण मांडणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाला स्वतःचे छायाचित्र चौकातून उतरवावे लागेल. गावाच्या चेहऱ्यासाठी एवढी किंमत मोजणारा एक जण तरी निघतो का, हे पाहायचे.