पडद्यावरची मांडणी हेही विक्रेत्याचेच बोलणे

विक्रेता ज्या माध्यमातून ग्राहकाशी बोलतो त्या माध्यमाचा खरेदीवर परिणाम होतो, हे वर्तमानपत्री जाहिरातींच्या काळापासून मान्य झालेले आहे. परंतु इंटरनेटने घडवलेला बदल माध्यमापुरता राहिलेला नाही, तो बोलण्याच्या स्वरूपापर्यंत गेला आहे. वाण्याच्या दुकानात भाव विचारता येतो, मालाची प्रत पाहता येते, तांदूळ नवा की जुना याचे उत्तर मागता येते आणि ते खोटे निघाले तर पुढच्या खेपेला त्याच माणसाला जाब विचारता येतो. मोबाइलच्या पडद्यावर हे बोलणे जवळजवळ संपते आणि त्याची जागा मांडणी घेते. कोणते बटण ठळक ठेवायचे, कोणते फिकट, कोणत्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवायची, कोणती रक्कम अगदी शेवटी दाखवायची, हे सारे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेले असते. इतकेच नव्हे, तर एकाच पानाचे दोन नमुने वेगवेगळ्या ग्राहकांना दाखवून त्यांपैकी अधिक विक्री करणारा नमुना कायम करण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. अशी मांडणी हे विक्रेत्याचे विधानच होय, आणि खोट्या विधानाला जो न्याय लावला जातो तोच तिलाही लावला पाहिजे.

या बदलाची खोली लक्षात येण्यासाठी महाराष्ट्रातीलच एका परंपरेकडे पाहता येईल. महिन्याच्या वाणसामानाची यादी ही इथल्या मध्यमवर्गीय घरांची दीर्घकाळची शिस्त होती, आणि त्या यादीला संघटनेचे बळ देण्याचे काम ग्राहक चळवळीने केले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने सामूहिक खरेदीची पद्धत रुजवली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, प्रत्येक घराने आपली मागणी आगाऊ नोंदवायची, संस्थेने घाऊक दराने माल आणायचा आणि तो संघात पोचला की सभासदांनी आपसांत वाटून घ्यायचा, अशी तिची साधी रचना आहे. रास्त भाव आणि शुद्ध माल हे तिचे उघड लाभ होत. पण तिच्यात आणखी एक गुण दडलेला आहे, ज्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. गरज ठरवण्याची वेळ आणि वस्तू डोळ्यांसमोर येण्याची वेळ या दोहोंत ती अंतर ठेवते आणि तो निर्णय घराच्या, शेजाराच्या चर्चेतून होऊ देते.

झटपट घरपोच विक्रीने नेमके हेच अंतर पुसून टाकले. २०१६ मध्ये एकीकडे जिओच्या आगमनाने मोबाइल डेटा कमालीचा स्वस्त झाला आणि दुसरीकडे यूपीआय, म्हणजे एका बँकखात्यातून दुसऱ्यात मोबाइलवरून तत्क्षणी पैसे पाठवण्याची व्यवस्था, सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये या व्यवस्थेने एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. या दोन पायांवर २०२० नंतर इन्स्टामार्ट, झेप्टो, ब्लिंकिट यांसारख्या सेवा उभ्या राहिल्या. वस्तीतच असलेले परंतु ग्राहकाला आत प्रवेश नसलेले छोटे कोठार, ज्याला डार्क स्टोअर म्हणतात, हा त्यांचा कणा आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, आजाऱ्यांना, तान्हे मूल सांभाळणाऱ्या आईला या सेवेचा मोठा आधार होतो, यात शंका नाही. मात्र जिथे यादीच उरलेली नाही तिथे काय घ्यायचे हे सुचवण्याचे काम पडदा करू लागतो, आणि पडद्याचा मालक विक्रेता असतो.

एखादी साधी ऑर्डर जवळून पाहिली तर हे स्पष्ट होते. समजा, कोणा गृहिणीला संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा लिटर दूध एवढेच हवे आहे. दोन्ही वस्तू कार्टमध्ये टाकताच तळाशी एक पट्टी सरकू लागते आणि आणखी अमुक रुपयांची खरेदी केल्यास डिलिव्हरी मोफत, असे सांगते; पट्टीखाली बिस्किटे आणि चिप्स यांची रांग लागते, म्हणजे राहिलेली रक्कम कशाने भरायची तेही सुचवले जाते. ही सूचना न मानता ती पुढे गेली तर वस्तूंच्या किमतीखाली हँडलिंग चार्ज, डिलिव्हरी चार्ज, छोट्या ऑर्डरचा आकार अशा ओळी एकामागून एक उमटतात आणि जुडीच्या किमतीपेक्षा या ओळींची बेरीज मोठी होऊ शकते. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीहून अधिक पैसे घेण्यास कायद्याने बंदी आहे, परंतु सेवेचा आकार वेगळा दाखवला की ती बंदी लागू होत नाही. परिणामी त्या छापील आकड्याने ग्राहकाला दिलेली हमी अर्धीच उरते. यातला एकेक आकार उघडपणे, पहिल्याच पानावर सांगितला असता तर त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. तो कधी सांगितला जातो, हाच खरा प्रश्न आहे.

पैसे मोजताना मनाला होणारी टोचणी खर्चाला आवर घालते, हे ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाईन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले होते. हातातून नोट सुटत नाही तिथे ही टोचणी बोथट होते आणि शेवटी उमटलेल्या ओळी न वाचताच पिन टाकला जातो.

अशा रचनांना डार्क पॅटर्न किंवा फसवी मांडणी म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभ्यासकाने २०१० मध्ये हे नाव रूढ केले. ग्राहकाला जे करायचे नव्हते ते त्याच्याकडून करवून घेण्यासाठी योजलेली पडद्याची रचना, असा त्याचा थोडक्यात अर्थ आहे. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून तिचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले. 'शेवटचे दोन शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू किंवा देणगी बिलात घुसवणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहिणे, किमतीचे घटक टप्प्याटप्प्याने उघड करणे, हे त्यांपैकी नेहमी आढळणारे प्रकार आहेत.

या तेरांत सबस्क्रिप्शनचा सापळा सर्वांत गंभीर मानावा लागेल, कारण त्यात ग्राहक महिनोन्‌महिने अडकून राहतो. सभासदत्व घेणे एका बटणाचे काम असते, सोडायचे म्हटले की पानांमागून पाने उघडावी लागतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनविरुद्ध जो दावा दाखल केला त्यात नमूद होते की, प्राइम सभासदत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात 'इलियड' असे नाव होते. होमरचे ते महाकाव्य दीर्घ युद्धाचे आहे, एवढे सांगितले तरी नावामागचा हेतू पुरेसा कळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता अडीच अब्ज डॉलर देऊन तो दावा मिटवला आणि त्यांतील दीड अब्ज ग्राहकांना परत करण्याचे ठरले. असे वाद नियामकाने चिकाटीने लढवले तर काय साधता येते, याचा हा दाखला आहे.

मराठी ग्राहकाच्या बाबतीत या प्रश्नाला भाषेचा आणखी एक पदर आहे. रीलवरची किंवा यूट्यूबवरची जाहिरात आज अस्सल मराठीत, अगदी वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी ढंगात येते. शेजारणीने आपुलकीने सांगावे तशा सुरात तेल, क्रीम, गुंतवणुकीची योजना यांची शिफारस होते. त्या शिफारशीसाठी पैसे घेतल्याचा उल्लेख मात्र अनेकदा इंग्रजी हॅशटॅगच्या गर्दीत दडवलेला असतो, आणि अटी व शर्ती तर बहुधा इंग्रजीतच असतात. भुरळ मराठीतून आणि खुलासा इंग्रजीतून, ही विभागणी अन्यायाची आहे. जाहिरातीतील दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा असावा, असे जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वैयक्तिक माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. हा अधिकार कागदावर आहे. तो मागणाऱ्यांची संख्या वाढली पाहिजे.

ग्राहकावर कोणी सक्ती करत नाही, त्याने नीट वाचून निर्णय घ्यावा, असा युक्तिवाद कंपन्या करतात. तो टिकणारा नाही. वाचले जाऊ नये अशा बेताने जे लिहिले गेले, ते न वाचल्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय नव्या माध्यमांत प्रामाणिक व्यवहार अशक्य आहे असेही नाही. दिवाळीच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चकली, अनारसे, चिवडा यांचे किलोचे भाव आणि पोचवण्याचा आकार एकाच संदेशात लिहून ऑर्डर घेणारे महिला बचत गट हेच करत असतात. जे बचत गटाला एका संदेशात जमते ते कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला पहिल्या पानावर जमू नये, याला कोणतेही तांत्रिक कारण नाही.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपल्या मांडणीची स्वतःच तपासणी करण्याचा सल्ला दिला. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासण्यासारखे हे झाले. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे; आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, जो मोठ्या कंपनीला जाणवणारही नाही. तपासणी त्रयस्थ यंत्रणेने करावी, तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा, ही मागणी महाराष्ट्रातील ग्राहक संघटनांनी एकमुखाने लावून धरली पाहिजे.

तोवर वाचकांना एक विनंती आहे. पहिल्या पानावरची किंमत आणि शेवटच्या पानावरचे बिल या दोहोंचे स्क्रीनशॉट ठेवावेत, आणि तफावतीचा खुलासा आधी केलेला नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ती मराठीतूनही नोंदवता येते.