डीफॉल्टची घाई

ओपनझेडएफएसच्या देखभालकर्त्यांना, आणि फाइलसिस्टिममध्ये आपोआप काय चालू राहावे हे ठरवणाऱ्या सर्वांना,



मी एका छोट्या संस्थेचे सर्व्हर सांभाळतो. तुम्ही विनामूल्य दिलेल्या कोडवर आमचे सगळे दप्तर उभे आहे, तेव्हा या पत्रात उपकाराची जाणीव आधी आणि तक्रार नंतर, असे समजावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तुमची २.२.० आवृत्ती आली. तिच्यातल्या ब्लॉक क्लोनिंगमुळे प्रत काढताना मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही. तेच ब्लॉक दोन्ही फाइलींच्या नावावर चढतात. सोय झकासच. पण महिनाभरात जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांना काही प्रतींमधले तुकडे नुसत्या शून्यांनी भरलेले सापडले. मूळ फाइल शाबूत, प्रत बिघडलेली. स्क्रब, म्हणजे साठवलेल्या मजकुराची चेकसम-तपासणी, चालवावा तर सगळे आलबेल, कारण फाइलसिस्टिमच्या लेखी ती प्रत रीतसरच लिहिली गेली होती. जिचा लौकिकच चेकसमवर, त्या फाइलसिस्टिममध्ये चेकसमला न दिसणारे नुकसान!

२१ नोव्हेंबरला २.२.१ काढून तुम्ही क्लोनिंग बंद केलेत. पुढे कळले की हे चोर सोडून संन्याशाला फाशी होते. क्लोनिंग बंद ठेवूनही बिघाड घडवून दाखवता येत होता. दोष कित्येक वर्षांचा जुना होता. नुकत्याच लिहिलेल्या, डिस्कवर अजून न उतरलेल्या फाइलला ‘तुझ्यात रिकाम्या जागा कुठे आहेत?’ असे नेमक्या नको त्या क्षणी विचारले, की उत्तर चुकायचे. कॉपी करणारी ‘सीपी’ आज्ञा ते उत्तर खरे मानून तिथला मजकूर गाळायची. ३० नोव्हेंबरला २.२.२ आणि २.१.१४ मध्ये ती फट बुजवलीत. नऊ दिवसांत मूळ शोधून जुन्या मालिकेलाही दुरुस्ती देणे सोपे नाही, हे कबूल.

तरीही एक खटकते. क्लोनिंग बंद करायची कळ लिनक्सवर २.२.१ मध्ये, आग लागल्यावर बसवावी लागली. त्याच सुमारास आलेल्या फ्रीबीएसडी १४.० मध्ये ती कळ आधीपासून होती आणि ‘बंद’वर होती. एक्सएफएसवाल्यांनी तर याच जातीची सोय, रीफ्लिंक, २०१६ च्या अखेरीस कर्नलमध्ये आणली. माउंट करताना ‘प्रायोगिक’ अशी ताकीद २०१८ पर्यंत छापली. आणि नवी फाइलसिस्टिम बनवताना ती आपोआप चालू केली २०१९ मध्ये. मला ही चाल आवडते.

नुसती वर्षे मोजूनही भागत नाही म्हणा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएक्सटी४ च्या साधनांनी दोन वैशिष्ट्ये डीफॉल्ट केली. त्यातले एक कर्नलला कित्येक वर्षे वाचता येत होते, पण तेव्हाच्या ग्रब बूटलोडरला येत नव्हते. वैशिष्ट्यात खोट नाही, आणि मशीन मात्र बूट होणार नाही! डेबियन १२ ने ती दोन्ही बंद ठेवली. म्हणजे ‘स्थिर’ हा शेरा एकट्या वैशिष्ट्यावर मारता येत नाही. बूटलोडर, एफएससीके, ‘सीपी’, कपाटात पडलेली जुनी रेस्क्यू पेनड्राइव्ह, हे सगळे त्यात येतात. शिवाय जो माणूस स्वतःहून एखादी सोय चालू करतो, तो निदान सूचना वाचतो, बॅकअप घेतो. डीफॉल्ट लागू होते ते न वाचणाऱ्याला.

क्लोनिंग आता २.३ पासून पुन्हा आपोआप चालू आहे, आणि आमच्याकडेही ते मी बंद केलेले नाही. विनंती पुढच्या सोयीसाठी आहे: बंद करायची कळ पहिल्याच आवृत्तीत द्या, एक अख्खी मालिका तिला ‘बंद’वर राहू द्या, आणि चालू कराल तेव्हा प्रकाशन-टिपणाच्या पहिल्या ओळीत लिहा की मागे फिरता येते की नाही.

आपला,
एक सर्व्हर सांभाळणारा