विषाणू अनेक, लाज मात्र एकच

‘गुप्तरोग’ हा शब्द आपल्या समाजाने फार मोठे गाठोडे बांधण्यासाठी वापरला आहे. त्यात काय काय कोंबले आहे, याची चौकशी करण्याचे धैर्य सहसा कोणी दाखवीत नाही. पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखादा तरुण किंवा चार मुलांची आई आरोग्य केंद्राच्या पायरीपर्यंत येते, ओळखीचे कोणी दिसताच मागे फिरते, आणि दुखणे अंगावर काढते. या संकोचाची किंमत किती मोठी असू शकते, याविषयी आज स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

अज्ञानाची किंमत गोव्याने एकदा उघडपणे मोजली आहे. १९८९ साली बार्देशातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा यांच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. ते नियमित रक्तदान करीत. त्या रक्ताच्या तपासणीतूनच हे उघडकीस आले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात त्यापूर्वी घालण्यात आलेल्या तरतुदीचा आधार घेऊन पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले, आणि म्हापशातील वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्यांना ६४ दिवस एकाकी कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्रींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने मात्र ती तरतूद वैध ठरविली. सुटकेनंतर डॉमिनिक यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी करण्यास हातभार लावला आणि १९९२ साली त्यांचे निधन झाले. जो विषाणू स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने वा डासाच्या दंशाने पसरत नाही, त्याच्या भीतीपायी एका माणसाला भिंतींआड डांबण्यात आले. विषाणू कसा वागतो हे समजून न घेता कायदा केला, म्हणजे काय घडते याचे हे उदाहरण आहे.

तेव्हा आता तरी हे गाठोडे सोडून पाहू. लैंगिक संबंधातून पसरणारे चार विषाणू प्रामुख्याने आढळतात, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत.

एच.आय.व्ही. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला चढवितो. लैंगिक संबंध, दूषित रक्त व सुया, आणि आईकडून बाळाकडे, हे त्याचे मार्ग. तो शरीरातून समूळ जात नाही. परंतु सरकारने २००४ पासून मोफत देऊ केलेली औषधे नियमित घेतल्यास रुग्ण दीर्घायुषी होऊ शकतो. रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न सापडण्याइतके खाली आले व तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदारास लागत नाही. १९८९ मध्ये हे ज्ञान नव्हते, आज आहे.

दुसरा कावीळ ‘ब’चा विषाणू. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की सगळीच ‘कावीळ’, आणि मग मुळी, पाला व माळ यांचा उपचार सुरू होतो. वास्तविक ‘अ’ आणि ‘ई’ या कावीळी दूषित पाण्या-अन्नातून येतात, तर ‘ब’ रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळास होते. प्रौढास ती बहुधा आपोआप सोडते. नवजात अर्भकास लागली तर दहापैकी नऊ जणांत ती कायम वस्तीस राहते आणि पुढे यकृत निकामी करू शकते किंवा त्याचा कर्करोग घडवू शकते. हिच्यावर उत्तम लस आहे व जन्मानंतर २४ तासांच्या आत तिचा पहिला डोस द्यावयाचा असतो. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हौसेने गोंदवून घेणाऱ्या तरुणांनी सुई नवी आहे काय, एवढे विचारण्यात कमीपणा मानू नये.

तिसरा हर्पिस. येथे भाषेचाच घोटाळा आहे. इंग्रजीत ‘नागिणी’च्या नावातही हर्पिस हाच शब्द येतो, पण नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा होणे. तिचा लैंगिक संबंधाशी काडीचाही संबंध नाही. जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पिस निराळा. तो मज्जातंतूंत दडून राहतो व अधूनमधून डोके वर काढतो. कायमचा बरा करणारे औषध नसले तरी गोळ्यांनी त्रास कमी होतो. प्रौढाच्या जिवास तो सहसा धोका करीत नाही. प्रसूतीच्या वेळी बाळास लागला तर मात्र घातक ठरू शकतो. म्हणून गरोदर स्त्रीने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

चौथा एच.पी.व्ही. हा सर्वांत सर्वसाधारण आणि सर्वांत कमी चर्चिलेला. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बहुतेक वेळा तो एक-दोन वर्षांत काही खूण न ठेवता निघून जातो. काही प्रकारांनी चामखिळी येतात. आणि १६ व १८ क्रमांकांचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना कारणीभूत ठरतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा दहा-वीस वर्षे जातात, आणि हीच सवड आपल्या हाती आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३० हजारांवर स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे त्यातून दिसले. बार्शी परिसरातील खेड्यांत जे साधले ते साखळी-मयें येथे न साधण्याचे कारण नाही. मुलींना नऊ ते चौदा या वयात देण्याजोगी लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली देशी लसही २०२३ साली बाजारात आली.

या भेदांचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. ‘रक्त तपासले, काही निघाले नाही’ असे म्हणून निर्धास्त होणाऱ्यास एवढेच कळलेले असते की, ज्या विषाणूसाठी रक्त तपासले तो तेव्हा आढळला नाही. एच.पी.व्ही. रक्तात शोधत नाहीत. त्यासाठी गर्भाशयमुखाचा नमुना घ्यावा लागतो. निरोध एच.आय.व्ही. व कावीळ ‘ब’ पासून चांगले संरक्षण देतो, पण त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या हर्पिस व एच.पी.व्ही. पासून अपुरे.

आणखी एक खोड आपण टाकून दिली पाहिजे. पेडण्यात किनाऱ्यावर पर्यटक येतात, मोपाचा विमानतळ झाला, डिचोलीत खाणींच्या ट्रकांबरोबर परप्रांतीय आले. म्हणून हे रोग ‘बाहेरच्यांचे’, अशी समजूत करून घेणे सोयीचे असते. विषाणूस गावाची वेस कळत नाही. एका संसारी स्त्रीस तो तिच्या पतीकडूनही मिळतो, आणि तिला दोष देणारे घरचेच असतात.

आरोग्य खात्याने दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक केंद्रात खासगीपणा राखणारी सल्ल्याची जागा आणि या चार विषाणूंची सोप्या मराठीतील माहिती उपलब्ध राहील हे पाहावे. रुग्णाच्या संमतीवाचून एच.आय.व्ही. चाचणी करणे व त्यावरून नोकरीत भेदभाव करणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे, याचा विसर कोणासही पडू नये. पालकांनी मुलींच्या लशीचा विचार लग्नाच्या वयाशी न जोडता शाळेच्या वयाशी जोडावा. म्हापशातील त्या ६४ दिवसांचे प्रायश्चित्त आता कोणास घेता येणार नाही. पण आरोग्य केंद्राच्या पायरीवरून कोणी लाजेने मागे फिरणार नाही, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती निश्चित आहे.