भालकी हवी, भालकीचं बोलणं नको

मागच्या खरिपात आमच्या बिदरकडे, कर्नाटकात, शेजारचे काका पीकविम्याची चौकशी करायला गेले. कन्नडमध्ये पीक म्हणजे बॆळॆ. पहिला ए ऱ्हस्व, तोंडातून चटकन सुटणारा. डाळ म्हणजे बेळॆ, तिथे तोच ए लांबवायचा. मराठीत ऱ्हस्व ए नाहीच, त्यामुळे काकांनी साठ वर्षं कन्नड बोलताना प्रत्येक ए लांबच काढला. खिडकीशी त्यांनी 'बेळे विमे' म्हटलं आणि आतला माणूस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, डाळीचा विमा इथं काढत नाहीत. रांग हसली. काका जमिनीचे कागद गुंडाळून घरी आले. "पुढल्या बारीला तू चल माझ्यासंगं," एवढंच म्हणाले. तुरीच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला पीक आणि डाळ यांतला फरक आता मी जाऊन सांगायचा!

दोष काकांचा नाही. मराठी माणसाला कन्नड शिकवणारी जी पुस्तकं माझ्या हाती आली, त्यांत दोन्ही शब्द 'बेळे' असेच छापलेले आहेत. ऱ्हस्व ए-ओ दाखवायची खूण नागरीत आहे, द्राविडी भाषा लिहिता याव्यात म्हणूनच ती केलेली आहे, युनिकोडमध्ये तिला जागाही आहे. ती वापरायची तसदी कुणी घेत नाही. 'कॊडु' म्हणजे दे आणि 'कोडु' म्हणजे शिंग. हे ज्या पुस्तकातून कळत नाही ते भाषा शिकवत नाही, फसवतं.

मराठीचं पुस्तक तरी कुठे धड आहे? आमच्याकडची कन्नड माध्यमातली मराठी पोरं चाक, चूल, चमचा हे शब्द 'चार'मधल्या च ने वाचतात, कारण कन्नडमध्ये च एकच. दातांशी होणारा च वेगळा, टाळूशी होणारा वेगळा, हे अक्षर पाहून कळायला मार्ग नाही. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एक, बोलायला दोन. 'माझा'तला झ 'माझी'त बदलतो. पुण्यातल्या वसतिगृहात मी तीन वर्षं काढली. माझ्या बोलण्याला कानडी हेल म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या एकानेही जीभ कुठे लावायची ते सांगितलं नाही.

आमच्या बोलीची नोंद घ्यायची वेळ आली की प्रत्येकाने वळसा घातला. ग्रिअर्सनचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण 1928 साली पुरं झालं. त्यातून हैदराबाद संस्थान वगळलं होतं आणि बिदर, गुलबर्गा तेव्हा निजामाचे. पुढे 1963 पासून डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड निघाले. मोलाचं काम आहे, पण कुडाळ, महाड, काणकोण, कासरगोड, कोचीन अशी ती वाट किनाऱ्याकिनाऱ्याने गेली. सांगलीजवळच्या कुपवाडात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू एकमेकींत कशा मुरल्या यावर गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये लिहिलं आणि जगभरचे भाषाशास्त्री ते आजही शिकवतात. आमच्या बाजारात याच चार भाषा आहेत, वर तांड्यावरची लमाणी. इथली दखनी बोलणारी माणसं क़लमला ख़लम म्हणतात, मराठीतला 'नको' घेऊन 'नक्को' म्हणतात आणि मराठीचाच च जोडून 'मैंच' म्हणतात. मराठी माणूस 'काय करूलालास' विचारतो, कलबुर्गीचा कन्नड माणूस 'माडलाकत्तीनि' म्हणून सांगतो. एवढी श्रीमंती, आणि परक्याला शिकायची म्हटली तर वीस पानांची पुस्तिका हाती देता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणीबरोबर बिदर-भालकी असायची. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन राज्यांत तुकडे झाले, उदगीर आजच्या महाराष्ट्राकडे गेलं, आम्ही आजच्या कर्नाटकात राहिलो. महाराष्ट्र या सीमाभागासाठी 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात भांडतोय. ज्या गावांसाठी भांडता त्या गावांतली माणसं 'च' कसा उच्चारतात ते कधी येऊन ऐकलंत का? आणि कर्नाटक सरकारने 2015 च्या कायद्याने शाळेत कन्नड सक्तीची केली. शिकायला आमची ना नाही, या मातीत राहायचं तर कन्नड आलीच पाहिजे. पण सक्ती करणाऱ्याने आधी मराठी लेकराच्या जिभेला ऱ्हस्व ए शिकवायची सोय करायला हवी होती. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान 1969 पासून आहे, उच्चार शिकवणारी पुस्तकं त्यांनी काढलेली आहेत. ती इंग्रजीतली पुस्तकं औरादच्या गुरुजींनी कधी वाचायची?

फोनमध्ये सगळं आहे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या ओट्यावर बसावं. फोन कन्नड बोलतो ती बंगळूरची, मराठी बोलतो ती पुण्याची. 'करूलालास' म्हटलं की त्याला उमगतच नाही.

अशी पुस्तिका काढायचं काम अवघड नाही. आळंद तालुक्यात कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे, कलबुर्गीत 1980 पासून विद्यापीठ आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद इथल्या म्हाताऱ्यांचे आवाज टिपा. नेहमी गोंधळ होणाऱ्या शब्दांच्या जोड्या काढा, नागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत खुणांसकट छापा, शेजारी आवाज द्या आणि शाळांना फुकट वाटा. दोन्ही सरकारांनी वकिलांवर घालवलेल्या पैशांतून हे कधीच झालं असतं.

तोवर मी काकांना रोज संध्याकाळी बसवतो. बॆळॆ, बेळॆ. परवा दहातले सात बरोबर आले. विम्याची मुदत महिनाअखेरीला आहे.