भिंत, दुकाने की ओटा?

दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्या चित्रकलेच्या वर्गात एक छोटे प्रदर्शन मांडले होते. किती पालकांनी ते पाहिले कोण जाणे. आपल्याच शाळेतून दहावी झालेली आणि आता वास्तुकलेच्या चौथ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी आपले तीन प्रकल्प घेऊन आली होती. भिंतीवर नकाशे, बाकांवर पुठ्ठ्याची मॉडेल्स. पाचवीच्या मुलांना इमारतींपेक्षा त्यांतली आगकाडीएवढी माणसेच जास्त आवडली. त्यांतली दोन माणसे दुसऱ्या दिवशी सापडली नाहीत. ज्याच्या कंपासपेटीत असतील त्याने कृपया परत करावीत.

माजी विद्यार्थिनीचे कौतुक करून आम्ही थांबलो असतो. पण तिचा तिसरा प्रकल्प आपल्या शाळेच्या गल्लीकडच्या भिंतीवर आहे, आणि नेमकी तीच भिंत सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. ती कलली आहे, यंदा नाही तर पुढल्या वर्षी पाडावीच लागेल. तिच्या जागी दुकानांचे गाळे काढून भाडे घ्यावे, अशी एक सूचना आहे. दुसरी सूचना आणखी उंच भिंत बांधून वर काटेरी तार लावावी अशी. म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला प्रकल्प मोहल्ल्यातल्या वाचनालयाचा. तो नीटनेटका आहे, पण त्यात विशेष काही नाही. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले, त्या बडोद्यात वाचनालय काढताना थोडी अधिक हिंमत दाखवायला हरकत नव्हती.

दुसरा प्रकल्प न्यायमंदिराचा, आणि तिथे मात्र आम्ही बराच वेळ उभे राहिलो. सूरसागराजवळच्या त्या इमारतीत आपल्यापैकी अनेकांचे आजोबा तारखांना गेले असतील. रॉबर्ट चिझम यांनी आखलेली ही वास्तू १८९६ साली पूर्ण झाली आणि तिला महाराणी चिमणाबाईंचे नाव मिळाले. मुळात ती मंडईसाठी योजलेली होती, हे आमच्यातल्या दोघांनाच ठाऊक होते. जिथे भाजी विकायची तिथे पुढे शतकभर न्यायनिवाडा झाला! २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली, आणि मग या वास्तूचे काय करावे याची चर्चा सुरू झाली. वस्तुसंग्रहालयाची कल्पना मांडली गेली. आमच्या विद्यार्थिनीचे म्हणणे थोडे वेगळे आहे. संग्रहालय जरूर असावे, पण तिकीट काढून बघायच्या वस्तू वरच्या मजल्यावर न्याव्यात, आणि मधले भव्य दालन दिवसभर कोणालाही ये-जा करता येईल असे मोकळे ठेवावे. सकाळी तालीम, दुपारी सावली, संध्याकाळी भजन किंवा गरब्याचा सराव. तिने काढलेल्या छेदचित्रात भाजीची टोपली घेतलेली एक बाई त्या दालनातून आरपार चालत जाते. परीक्षकांनी म्हणे त्या बाईवरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. आम्हांला वाटते, परीक्षकांना मुद्दा कळला होता. इमारतीचा वापर बदलतो, मालक बदलतात. लोकांची पायवाट मात्र एकदा बंद केली की पुन्हा उघडणे कठीण.

आता आपली गल्ली. ही मुलगी तीन संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसली होती. कोण कुठे थांबते, किती वेळ, कशावर टेकते, एवढेच तिने टिपले. आया स्कूटरवर बसून राहतात. आजोबामंडळी गटाराच्या झाकणावर उभी राहतात, कारण तेवढीच सपाट जागा आहे. मांजलपूर, गोत्रीहून लांबचा पल्ला करून येणारी कुटुंबे लवकर पोचतात आणि उन्हात थांबतात. एके काळी ही सगळी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुऱ्यातच राहत असत आणि एकमेकांना रोज भेटत असत. आता त्यांची भेट होते ती याच फाटकापाशी, त्या वीस मिनिटांत, उभ्या उभ्या.

तिने सुचवले आहे ते इतकेच: भिंत चार फूट आत घ्यावी आणि बाहेरच्या अंगाला बसता येईल असा लांब ओटा बांधावा, वर कौलांची पडवी. यात नवे काही नाही, हे तीच सांगते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ साली प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत लहानातल्या लहान घरापुढेही ओट्याची सोय धरली होती. त्या वसाहतीला १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. बडोद्यातली गुजरात स्टेट फर्टिलायझर्सची वसाहतही दोशींचीच. पण दोशींचे नाव घ्यायची तरी काय गरज? ज्यांचे बालपण वाड्यात किंवा पोळीत गेले, त्यांना ओटा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

सगळेच आम्हांला पटले असे नाही. आतल्या पटांगणात तिने जमिनीखाली उतरत्या पायऱ्यांचे खोलगट प्रेक्षागार दाखवले आहे. चित्रात ते फार सुंदर दिसते. परंतु ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या. अशा शहरात खड्ड्यात रंगमंच केला तर पहिल्या रांगेत कोण बसेल ते सांगायला नको. तिला हे सांगितल्यावर ती हसली आणि पायऱ्या वर चढत्या करून आणते म्हणाली.

गाळ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. शाळेला पैसे हवेत. प्रयोगशाळेचे छत गळते आणि मराठी माध्यमात मुले कमी होत चालली आहेत. भाड्याचे उत्पन्न दरमहा येईल, ओट्याचे येणार नाही. पण गाळे एकदा दिले की ते परत मिळवताना काय होते, हे या शहरातल्या कुठल्याही जुन्या संस्थेला विचारावे. शिवाय दर्शनी बाजूला मोबाईलची दुकाने लागली, तर मागे मराठी शाळा आहे हे नव्याने शहरात आलेल्या मराठी कुटुंबाला कळणार तरी कसे? रात्री ओट्यावर नको ती मंडळी बसतील, ही मातांची काळजी आम्हांलाही खरी वाटते. त्यासाठी दिवा आणि पहारेकरी लागेल, आणि तो खर्च आराखड्यात धरलेला नाही.

आमचे मत असे की गाळ्यांचा निर्णय निदान एक वर्ष लांबणीवर टाकावा, आणि फाटकाच्या डाव्या अंगाला, कडुनिंबाखाली, आधी फक्त पंधरा फुटांचा ओटा बांधून बघावा. तेवढ्या विटा तर पडणाऱ्या भिंतीतूनच निघतील. मॉडेल सध्या ग्रंथपालबाईंच्या खोलीत आहे. विश्वस्तांनी आणि पालकांनी पुढच्या सभेआधी ते पाहावे, आणि मुलांनीही. फक्त माणसांना हात लावू नये.