राहिलेले टाके

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्या रात्री शाखेतील मंडळी उशिरापर्यंत थांबून खाती जुळवितात, लोंबकळत राहिलेल्या नोंदी निकालात काढतात आणि मगच घरी जातात. घरच्या शिवणकामाला असा मार्च कधी येत नाही. म्हणूनच बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी, जुन्या अभ्र्यात किंवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात काही ना काही अर्धवट पडलेले असते. निम्म्यापर्यंत टाके घातलेली गोधडी, बंद लावावयाचे राहिलेले झबले, कच्च्या टाक्यावरच सोडलेला परकर, एका बाहीचे पोलके. यांतील प्रत्येक वस्तू कोणा एका माणसासाठी म्हणून हाती घेतलेली असते. त्या माणसाचे नाव घरातील सर्वांना ठाऊक असते, आणि बरेचदा त्या माणसालाही.

अशी कामे पुरी करावीत, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी शिवायला बसणाऱ्या एकटीची नसते, असे माझे मत आहे. ते तंजावरला पक्के झाले, म्हणून आधी थोडे तंजावरविषयी.

बँकेच्या नोकरीत बदलीचे गाव निवडणे आपल्या हाती नसते. माझ्या वाट्याला तंजावर आले तेव्हा नातेवाइकांना भाषेची काळजी वाटली. ती फारशी खरी ठरली नाही. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे स्थापिलेले राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची दप्तरे आहेत. राजवाड्याच्या परिसरातील काही घरांतून आजही मराठी ऐकू येते. ती आपल्याहून निराळी आहे. तमिळ शब्दांना सहज पोटात घेते आणि आपण टाकून दिलेले काही जुने शब्द मात्र जपून ठेवते. शेजारधर्माला ती पुरून उरली.

याच गावी मी प्रथम तोंबै पाहिली. रथोत्सवात देवाच्या रथाला चहूबाजूंनी कापडाची लांबच लांब नळकांडी टांगतात, त्यांना तमिळमध्ये तोंबै म्हणतात. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या कापडांतून मोर, कमळे आणि याळी नावाचा सिंहासारखा काल्पनिक प्राणी यांचे आकार कापायचे, कडा आत मुडपायच्या आणि ते दुसऱ्या कापडावर शिवून बसवायचे, असे हे ठिगळकाम असते. ठिगळ हा शब्द आपण गरिबीशी जोडला आहे. तेथे तो देवाच्या थाटाशी जोडलेला दिसतो. रथावरच्या छताच्या कापडाला अस्मानगिरी म्हणतात. हा फारसी वळणाचा शब्द जुन्या मराठीतही छतासाठी वापरीत, त्यामुळे परमुलखात ओळखीचे माणूस भेटावे तसे मला वाटले.

कारागिरीइतकीच आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. रथ निघण्याचा दिवस पंचांगाने ठरतो, शिवणाऱ्याच्या सवडीने नव्हे. मोराची मान थोडी वाकडी झाली तरी रथ निघतो. मोर बसवायचाच राहिला तर ती रिकामी जागा सगळ्या गावाला दिसते. मोठ्या देवळाचा रथ सुमारे शतकभराच्या खंडानंतर एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा तंजावरच्या वीथींतून ओढला गेला. शंभर वर्षे अडलेली गोष्टसुद्धा एकदा दिवस ठरला की हलते.

आपल्या घरांतही दिवस ठरलेले एक शिवणकाम आहे, ते म्हणजे बाळंतविडा. झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट हे सारे बारशाच्या आत तयार हवे. त्यात सवलत नाही, कारण मूल थांबत नाही. बारशासाठी बेतलेले झबले सहाव्या महिन्यात पुरे झाले तर ते बाहुलीच्या अंगात जाते. पैशाला काळमूल्य असते असे आपण बँकेच्या परीक्षांना वाचतो. झबल्याचे काळमूल्य त्याहून कडक आहे. म्हणून बाळंतविडे बहुधा पुरे होतात आणि गोधड्या राहतात. मोठ्या माणसासाठीची गोधडी पुढच्या वर्षीही त्याला तेवढीच येणार असते, हेच तिचे दुर्दैव.

तंजावरात गोधडीचे काय काम, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कावेरीच्या त्या सपाट, भातशेतीच्या प्रदेशात आपल्याकडच्यासारखी थंडी पडतच नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, पहाटे थोडा गारवा येतो इतकेच. पण तान्ह्या मुलाला मऊ काही लागते ते सगळीकडे सारखेच. तमिळ घरांत जुनी साडी आढ्याला टांगून तिची तूळी, म्हणजे आपली झोळी, करतात. माझ्या शेजारच्या मराठी घरात तूळी होती आणि तिच्यात घालायला दुपटेही होते. मदुराईच्या सुंगुडी साड्या वापरून वापरून तलम झाल्या की त्यांचे तीन थर एकावर एक घालून आजी ते शिवीत. दोन उभे धावदोरे, मग बोटभर जागा, मग पुन्हा दोन.

शेवटचे दुपटे त्यांनी परदेशात होऊ घातलेल्या पणतीसाठी घेतले होते. आधी डोळ्यांत मोतीबिंदू, मग शस्त्रक्रियेची चालढकल, आणि मग आजीच गेल्या. दुपटे दोन तृतीयांश झाले होते. घरात दोन मते पडली. मुलाचे म्हणणे, आईचा हात लागलेली वस्तू आहे, तशीच जपून ठेवावी. सून तमिळ घरातून आलेली, तिने असली शिवण कधी केली नव्हती. तिने तेराव्यानंतर महिन्याभरात ते हातात घेतले आणि पुरे केले. आजींचे टाके तांदळाच्या कण्यांएवढे, हिचे साळीच्या दाण्यांएवढे. कोठे एक हात थांबला आणि दुसरा सुरू झाला, ते दुपट्यावर बोट फिरविले तरी कळते. ते पार्सलने गेले. मुलाचा राग काही दिवस टिकला.

माझे मत सुनेच्या बाजूचे आहे. गेलेल्या माणसाचे अर्धे काम काचेआड ठेवण्यात आदर आहे हे मी मान्य करते, पण ते काम काचेसाठी घेतलेले नव्हते. ज्या बाळासाठी ते घेतले होते ते बाळ जन्माला आले होते आणि त्याला दुपट्याची गरज होती. टाके जुळत नाहीत, ही सबब मला पटत नाही. टाका हा सहीसारखा असतो; दोन सह्यांचे संयुक्त खाते बँकेला चालते, तर दुपट्याला का चालू नये?

टाक्यांतून आपली सही ठेवण्याची इच्छा जुनी आहे. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी शिवलेली एक कांथा आहे. तिच्यावर बारीक चित्रे आहेत, आणि ही वस्तू आपण आपल्या हातांनी वडिलांसाठी केली हे तिने दोऱ्याने लिहून ठेविले आहे. असे लिहिता येते ते काम पुरे झाल्यावरच. आपल्या सीमेलगत, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवितात. त्या घड्यांना त्या फुले म्हणतात. फुले नसली तर कवंदी त्यांच्या लेखी उघडी, वस्त्रहीन. ऊब फुलांनी वाढत नाही, तरीही त्यांच्यावाचून कवंदी पुरी होत नाही. या मताला मी पुष्कळ मान देते.

आता काम अडते कोठे, ते पाहावे. गोधडी घ्यायची ठरली की पहिले दोन दिवस आनंदाचे असतात. साड्या निवडायच्या, काठ वेगळे काढायचे, वरच्या थरासाठी तुकडे मांडून रंगांची जुळणी करायची. मग जमिनीवर थर पसरून, सुरकुत्या हाताने सारून, कोपऱ्यांवर वजने ठेवून कच्चा टाका घालायचा. येथवर घरातील सर्वांना उत्साह असतो. मुले मध्ये लोळतातही. त्यानंतर मधला विस्तीर्ण प्रदेश येतो. रांगेमागून रांग, तोच दोरा, तोच टाका. गुडघे भरून येतात, मान अवघडते, चाळिशीनंतर सुईत दोरा ओवायला चष्मा शोधावा लागतो. चारपाच थरांतून सुई ओढताना बोटाला भोके पडतात. नेमक्या या टप्प्यावर कोणी पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा येतात, सासऱ्यांचे दुखणे येते, आणि गोधडी गुंडाळून कपाटावर जाते.

तिला आळस म्हणण्याची घाई करू नये. घरात शिवायला बसलेली स्त्री रिकामी आहे असेच सर्वजण धरून चालतात. ती हिशेबाच्या वहीपुढे बसली असती तर चहा मागताना कोणी दहादा विचार केला असता. मांडीवर कापड असले की चहा, किल्ली, मोजे आणि दूरध्वनी सारे तिच्याच नावाने पुकारले जाते. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले आणि त्यांपैकी अनेक गटांतील स्त्रिया शिवणकाम करून कर्जाचे हप्ते फेडतात. तेथे काम वेळेवर पुरे होते, कारण ते काम आहे हे घर मान्य करते. त्याच हातांचे घरच्या माणसासाठीचे शिवणकाम मात्र छंदात जमा होते. नफा नाही म्हणून त्याला वेळ नाही, हा न्याय मला विचित्र वाटतो. ज्याच्यासाठी गोधडी चालली आहे त्याने संध्याकाळची एक तासाची उठबस स्वतःकडे घेतली, तरी वर्षाची गोधडी दोन महिन्यांत होईल. हे मासिक घरी नेणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांनी हा परिच्छेद कृपया पुन्हा वाचावा.

दुकानात मऊ, हलकी, रंगीत पांघरुणे रास्त भावात मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला, असेही म्हटले जाते. हिशेबाने ते बरोबरच आहे. हाताने शिवलेल्या गोधडीचे तास मोजून मजुरी लावली तर ती कोणालाही परवडणार नाही. पण मुलीला परगावी पाठविताना आई तिच्या सामानात जे घालते त्यात तिच्या आजीचे लुगडे असते, बाबांचे धोतर असते, तिच्याच शाळेच्या पहिल्या झग्याचा तुकडा असतो. ती वस्तू दुकानात नाही. आणि ती अर्धी राहिली तर मुलगी विकतचे पांघरूण घेऊन जाते. लुगडे, धोतर आणि झगा कपाटातच राहतात, आणि दोनतीन पावसाळ्यांनी त्यांना कसर लागते.

पुरे करा म्हणणे सोपे आहे, हे मला कळते. म्हणून दोनतीन गोष्टी अनुभवाने सांगते. ज्या गोधडीचा निम्मा भाग झाला आहे आणि उरलेला होण्याची चिन्हे नाहीत, ती खुशाल कापावी. झालेल्या भागाला चारी बाजूंनी गोट लावून त्याचे दुपटे करावे किंवा पायांवर घेण्याचे पांघरूण करावे. यात कमीपणा नाही. मोठ्या मुदतीची ठेव मोडून लहान मुदतीची करण्यासारखेच हे आहे, आणि येथे दंडही बसत नाही. परकराची तुरपण, ब्लाऊजचे हूक, साडीचा फॉल असली तासाभराची कामे मोठ्या कामाच्या खाली दबू देऊ नयेत. डोळे साथ देत नसतील तर सुया ओवून ठेवण्याचे काम नातवंडांना द्यावे. दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या की दुपार सुखाची जाते. आणि कामाला एक दिवस ठरवून द्यावा. बारसे, वाढदिवस, परगावचे प्रस्थान, काहीही चालेल. तंजावरच्या कारागिरांना जे पंचांग देते ते आपल्याला भिंतीवरची दिनदर्शिका देऊ शकते.

एक पथ्य मात्र आहे. दिल्यावर ती वस्तू वापरता की ठेवून दिली, याची चौकशी करीत बसू नये. वापरली तर ती विरते, ठिकठिकाणी उसवते, आणि वरून आणखी एक जुनी साडी घालून नवे टाके मारण्यासाठी चारपाच वर्षांनी आपल्याकडेच परत येते. तेव्हा दोरा त्याच जाडीचा घ्यावा.